दोन शब्द

मी चौथीत असताना लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला भाषण करायचं माझ्यावर आलं. आलं म्हणजे काय, तर गुरुजींनी वर्गात विचारलं, "भाषण कोण करणार?" आणि माझ्या बाकावरच्या मित्राने माझा हात धरून वर केला. वक्तृत्वाशी माझा संबंध हा असा दुसऱ्याच्या हाताने जडला.

भाषण वडिलांनी लिहून दिलं. फुलस्केपच्या दोन्ही बाजू, डावीकडे समास सोडून. वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. त्यामुळे भाषणाची सुरुवात "उपरोक्त विषयास अनुसरून" अशी झाली होती, ती आईने खोडली. आवाजाचं खातं आईकडे होतं. आठ दिवस चिंच, पेरू, गारीगार बंद, सकाळी मीठपाण्याच्या गुळण्या, रात्री तोंडात ज्येष्ठमधाची काडी. हातवारे शेजारच्या काकांनी बसवले. काका गावच्या नाटकात दरवर्षी काम करत. पहिल्या अंकात भालदार आणि तिसऱ्या अंकात तोच भालदार, म्हणजे बोलायला काही नसे आणि हातांचा अनुभव भरपूर होता. त्यांनी प्रत्येक वाक्याला एकेक हात नेमून दिला. 'रत्नागिरी' म्हणताना हात खाली डावीकडे, कारण नकाशात ती तिकडे. 'सिंह' म्हणताना मूठ. 'टरफलं' म्हणताना तर्जनी जमिनीकडे.

एक ऑगस्टला मी उभा राहिलो आणि "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती" हे एका श्वासात सांगून टाकलं. 23 जुलै 1856 झाला, रत्नागिरी झाली, मूठ झाली. मग शेंगा आल्या. वर्गात टरफलं पडली होती, गुरुजी आले, गुरुजी कडाडले, "टरफलं उचला!" इथपर्यंत सगळं हातासकट बरोबर. "तेव्हा बाळ ताठ मानेने उभा राहिला आणि म्हणाला..." इथे मी समोर पाहिलं. समोर आमचे स्वतःचे गुरुजी बसले होते. मांडीवर छडी आडवी. बाळ काय म्हणाला ते माझ्या डोक्यातून साफ गेलं. कोणीतरी "म्हणाला, म्हणाला" अशी कुजबुज केली. मी पुन्हा गुरुजींकडे पाहिलं, छडीकडे पाहिलं आणि म्हणालो,

"हो गुरुजी. उचलतो."

आणि "जय हिंद, जय महाराष्ट्र" म्हणून खाली बसलो.

मुख्याध्यापकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. वडील घरी म्हणाले, "पोराने असंतोषाच्या जनकाचा एका वाक्यात राजीनामा घेतला." मी त्यानंतर बरीच वर्षं बोलायला उभा राहिलो नाही. पण ऐकायला बसलो. खूप बसलो. सार्वजनिक भाषण ऐकण्यात माझा जेवढा अनुभव आहे तेवढा अनेकांचा करण्यातही नसेल.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपल्याकडे दोन शब्दांपेक्षा जास्त कोणी बोलतच नाही. फार तर चार. लग्नाच्या पंगतीत आहेराला जसं 'फूल ना फुलाची पाकळी' म्हणतात, तसं भाषणाला 'दोन शब्द' म्हणतात. फरक एवढाच की आहेर खरंच पाकळीएवढा निघतो. "मी काही वक्ता नाही" असं वक्ता सुरुवातीला सांगतो आणि पुढचा पाऊण तास ते सिद्ध करतो. "मी आपला फार वेळ घेणार नाही" हे वाक्य मी कधी बाराव्या मिनिटाच्या आधी ऐकलेलं नाही. "शेवटी एकच सांगतो" यानंतर तीन गोष्टी येतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे "जाता जाता". आपल्या घरी पाहुणे "निघतो हं" म्हणून उठतात, चपला घालतात आणि उंबऱ्यावर उभं राहून तासभर बोलतात. खरं बोलणं तिथेच होतं. वक्त्याचं 'जाता जाता' हा तोच उंबरा.

लांबण लावण्यात आपण जगाला हार गेलेलो नाही. 1957 च्या जानेवारीत व्ही. के. कृष्ण मेनन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले. त्या श्रमाने त्यांना भोवळ आली, अशी नोंद आहे. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. आमच्याकडे भोवळ श्रोत्यांना येते.

दुसरी गोष्ट म्हणजे, शाळेतल्या भाषणात प्रत्येक थोर माणसाला एकच प्रसंग मंजूर असतो. टिळकांना शेंगा. सावरकरांना उडी. गोखल्यांना गणित. छोट्या गोपाळने गणितं दुसऱ्याच्या मदतीने सोडवली होती, गुरुजी बक्षीस द्यायला लागले तेव्हा तो रडला. संपले गोखले. याच गोखल्यांनी 1902 साली कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर भाषण केलं, आणि सरकारी तिजोरीत शिल्लक पडते म्हणजे रयत सुखी आहे असं नव्हे, उलट करांचा बोजा जास्त आहे, हे सरकारच्याच आकड्यांनी सरकारच्या तोंडावर दाखवून दिलं. मुठी नाहीत, डरकाळी नाही, आकडे. मन वळवणाऱ्या बोलण्याचा असा नमुना शोधून सापडणार नाही. पण आकड्यांना हातवारे बसवता येत नाहीत, म्हणून पोरं त्यांना रडवतात आणि खाली बसतात.

आपल्याकडे बोलण्याची परंपरा मोठी आहे, यात शंका नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली. म्हणजे भर उन्हाळ्यात, घामाघूम होऊन, दुसऱ्याचे विचार ऐकायला जायची चाल आपल्याकडे वीज यायच्या आधीची. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेला ऐकू जायचं तर छातीतून बोलावं लागे, आणि छाती दमली की भाषण आपोआप संपे. माईक आला आणि ही एकमेव नैसर्गिक मर्यादाही गेली. व्याख्यानमालांतून पुढे प्रश्नोत्तरं सुरू झाली, तिथे श्रोत्यांनी सूड घेतला. मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "माझा प्रश्न नाही, पण दोन शब्द..."

अत्रे मी ऐकले नाहीत. वडिलांनी ऐकले होते, आणि वडील सांगत तेव्हा सुपारी कातरायची थांबे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत आचार्य अत्रे उभे राहिले की लोक आधी पोट धरून हसत आणि मग मूठ आवळत. 'गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही' हे त्यांचं मोजमापाचं एकक. दहा हजार वर्षांचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण हसणारा माणूस पावती मागत नाही. 1 मे 1960 रोजी राज्य आलं, ते काही नुसत्या भाषणांनी आलं नाही. पण ती भाषणं ऐकून लोक घरी न जाता मोर्चात गेले, एवढं खरं. पुढच्या पिढीतल्या वक्त्यांनी त्यांच्याकडून आवाज घेतला, अतिशयोक्ती घेतली आणि विनोद जागेवरच ठेवला. म्हणजे पुरणपोळीतलं पुरण ठेवून पोळी आणली.

मध्यंतरी आमच्या कचेरीने आम्हाला आत्मविश्वास द्यायचं ठरवलं. दोन दिवसांची कार्यशाळा, चहा आणि बटाटेवड्यासह. शिकवायला एक कोटवाले सर होते. त्यांनी प्रथम डेमॉस्थेनिसची गोष्ट सांगितली. हा ग्रीक वक्ता बोलताना अडखळायचा, म्हणून तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करायचा, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. कचेरीच्या नियमांत खडे बसत नसल्यामुळे आम्हाला दातांत आडव्या धरायला पेन्सिली दिल्या. वीस माणसं तोंडात पेन्सिल धरून "सन्माननीय व्यासपीठ" म्हणत होती. आवक-जावक विभागातल्या एकाने मागचं खोडरबर गिळलं आणि पहिला दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी 'विराम'. सर म्हणाले, महत्त्वाच्या वाक्याआधी थांबा, शांततेला बोलू द्या. आमचे जोशी थांबले. मराठी श्रोत्याला विराम ठाऊक नाही. तो थांबण्याला शेवट समजतो आणि शेवटाबद्दल कृतज्ञ असतो. कडकडून टाळ्या पडल्या. जोशी बिचारे महत्त्वाचं वाक्य तसंच घेऊन जागेवर येऊन बसले. ते वाक्य काय होतं, हे त्यांनी अजून कोणाला सांगितलेलं नाही. मग 'नजरभेट'. श्रोत्याच्या डोळ्याला डोळा भिडवा. हिशेब विभागातल्या बाईंनी बोलता बोलता साहेबांच्या डोळ्यात रोखून पाहिलं. साहेबांनी घाबरून विचारलं, "रजा हवी आहे का?" बाईंनी "हो" म्हटलं. तीन दिवस मिळाली. दोन दिवसांच्या त्या कार्यशाळेत मन वळवणारं खरंखुरं भाषण झालं ते हेच.

सरांनी लिंकनही सांगितला. 19 नोव्हेंबर 1863, गेटिसबर्ग. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट. ते दोन तास बोलले. मग लिंकन उठले आणि दोनेक मिनिटांत बसले. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनी त्यांना पत्र लिहिलं की, तुम्ही दोन मिनिटांत विषयाच्या गाभ्याच्या जितके जवळ गेलात तितका मी दोन तासांत गेलो असतो तरी मला बरं वाटलं असतं. सर लिंकनवर भारावून बोलत होते आणि माझं सगळं लक्ष एव्हरेटकडे होतं. काय मोठ्या मनाचा माणूस! असं पत्र आपल्याकडे प्रमुख वक्त्याने अध्यक्षांना लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे प्रमुख वक्ते दोन तास बोलले की अध्यक्ष "वक्त्यांनी सर्व मुद्दे मांडलेच आहेत" असं म्हणून तेच मुद्दे पुन्हा मांडतात. लिंकनना इथे दोन मिनिटं तर नुसती नावं घ्यायला पुरली नसती. व्यासपीठावर अकरा खुर्च्या, त्यातल्या प्रत्येकाला 'सन्माननीय', आणि एखादं नाव सुटलं तर पुढची निवडणूक सुटली.

या सगळ्या प्रकारात मी ज्याला खरा जाणकार मानतो तो माईकवाला. मंडपाच्या कोपऱ्यात, आहुजाच्या पेटीला टेकून, कानात कापूस. त्याने दहावीतल्या मुलांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे ऐकलेले असतात आणि कोणाचंच ऐकलेलं नसतं. एकदा मी त्याला विचारलं, "चांगला वक्ता कसा ओळखायचा?" तो म्हणाला, "जो माईकवर टकटक करत नाही तो." थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाला, "आणि जो उंची बदलत नाही. माणूस उठतो, दांडा वर करतो. दुसरा येतो, खाली करतो. बोलून जातात, नट माझा ढिला होतो." अध्यक्षांकडे चिठ्ठी गेली, अध्यक्षांनी ती वक्त्याकडे सरकवली, वक्त्याने न वाचता खिशात घातली, की हा उठतो आणि बटणापाशी जाऊन उभा राहतो. काही करत नाही. नुसता उभा राहतो. मी मुरलेले वक्तेही त्या उभं राहण्याने आवरतं घेताना पाहिले आहेत.

आभारप्रदर्शनाबद्दल मी बोलणार नाही. त्या वेळी मी नेहमी चपला शोधत असतो.

गेल्या वर्षी एक ऑगस्टला मला एका गावच्या शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. ठरलेले पाहुणे आजारी पडले होते. मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "सर, तुम्ही फक्त दोन शब्द बोला." मी बावीस मिनिटांची तयारी केली. कागदावर. दोन्ही बाजू, समास सोडून.

सुरुवातीला मुलांची भाषणं झाली. आता एक ऑगस्टला एकटे टिळक नसतात, अण्णा भाऊ साठ्यांची जयंतीही असते. ज्या दिवशी टिळक गेले त्याच 1 ऑगस्ट 1920 ला वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले. सहावीतली एक मुलगी त्यांच्यावर फार छान बोलली. दीड दिवस शाळेत गेलेला हा माणूस पुढे शाहीर झाला, अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लालबावटा कलापथक काढलं, गिरणी कामगारांची गर्दी डफावर खिळवून ठेवली. 'दीड दिवस' हे ऐकल्यावर पहिल्या रांगेतला एक मुलगा बोटांवर काहीतरी हिशेब करू लागला. मुख्याध्यापकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घाईने टाळ्या वाजवल्या. मग एक मुलगा टिळकांवर उभा राहिला. शेंगांपाशी आला तेव्हा माझे तळहात घामाने ओले झाले. त्याने समोर पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि खणखणीत आवाजात सांगितलं, मी खाल्ल्या नाहीत, मी उचलणार नाही. मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं.

मग मी उठलो. आणि पाऊस आला.

शाळेच्या सभागृहाला पत्र्याचं छप्पर होतं. मी तिसऱ्या वाक्यावर होतो तेव्हा वर ढोल वाजायला लागले. माईक होता, पण तोही पावसापुढे बसला. मला माझंच बोलणं ऐकू येईना. खाली बसावं तर शाल अंगावर पडलेली, नारळ हातात आलेला. कोटवाल्या सरांनी सांगितलं होतं, काही झालं तरी आत्मविश्वास सोडू नका. मी सोडला नाही. बावीस मिनिटं बोललो. रत्नागिरीला हात खाली डावीकडे गेला. सिंहाला मूठ वळली. भालदार काका वरून पाहत असतील तर कृतार्थ झाले असतील. गोखल्यांचे आकडे सांगताना मी बोटं मोजून दाखवली. मध्येच विरामही घेतला, पण तो पावसाने घेतला नाही. मुलं एकटक बघत होती. शेवटी हात जोडले तेव्हा टाळ्या पडल्या, म्हणजे पडताना दिसल्या. मुख्याध्यापकांनी माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं, "अतिशय प्रभावी झालं सर! इतकी शांत मुलं मी कधी पाहिली नाहीत."

परतीला एसटी पकडली. खिडकीजवळ जागा मिळाली, मांडीवर शाल, शालीत नारळ. मनात भाषण पुन्हा पहिल्यापासून चाललं होतं, या वेळी पावसाशिवाय. पुढच्या फाट्यावर गाडी थांबली आणि एक शेंगावाला चढला.

ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली आहेत: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना आणि मुद्द्यातला तर्क. शेंगावाल्याने ॲरिस्टॉटल वाचलेला नव्हता, त्यामुळे त्याला ती लगेच जमली. चढल्या चढल्या त्याने एक शेंग फोडून स्वतःच्या तोंडात टाकली, ही पत. माझ्या पुढच्या बाईंना म्हणाला, "बाळाला खारी लागणार नाही ताई, भाजकी आहे", ही भावना. मग सगळ्या गाडीला, "दहाला एक, वीसला तीन!" याच्यापुढे तर्कशास्त्र नाही. त्याने अध्यक्षांचं नाव घेतलं नाही, कोणाला सन्माननीय केलं नाही, आपण विक्रेता नाही असंही म्हणाला नाही. चालकाने गाडी रेटायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या टोपलीतल्या निम्म्या पुड्या संपल्या होत्या आणि तो चालत्या गाडीतून उतरून गेला. जाता जाता खरंच गेला.

मी तीन पुड्या घेतल्या होत्या. पावसाळी हवा, गरम शेंगा. गाडी डुलत होती. मी भाषणाचा शेवट मनात जरा जास्त उंचावर नेला, मूठ वळली, टाळ्या ऐकल्या. तिसरी पुडी संपली तेव्हा बाजूला कोणी तरी उभं असल्याचं जाणवलं.

कंडक्टर होता. साधारण माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे पाहिलं. घंटीच्या दोरीवरचा हात काढून तर्जनी खाली जमिनीकडे केली.

"टरफलं उचला."

मी म्हणालो, "हो. उचलतो."